गोळीआधीचे चौदा प्रश्न

हैदराबादेत माणसाचा पगार लपेल, प्रेम लपेल, पण आमच्या आत्याकडे दुखण्यावरची एक गोळी मागून बघा, तुमचं काहीच लपायचं नाही. आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण, राहते मलकपेठेत. एका दवाखान्याच्या खिडकीत बसून तिनं तीस वर्षं पेशंटांचे फॉर्म भरले. रिटायर झाली, खिडकी सुटली, फॉर्म काही सुटला नाही. सूज आणि दुखणं उतरवायच्या गोळ्यांचं पाकीट ती कपाटात, सोन्याच्या पाटल्यांशेजारी, कुलपात ठेवते. घरात कुणी नुसतं कण्हलं की आधी वही निघते, मग चष्मा, मग प्रश्न. चौदा. ओळीनं. एक गाळायचा नाही.

मी देगलूरहून नोकरीसाठी तिच्याकडे आलो आणि पहिल्याच आठवड्यात क्रिकेट खेळताना घोटा मुरगळला. लंगडत घरी आलो, म्हटलं, "आत्या, एक गोळी दे ना गं." तिनं वही उघडली. नाव? अगं, माझं नाव तूच ठेवलंयस की! वय? जेवलास का, काय जेवलास, किती वाजता? दमा आहे? पोटात अल्सर? किडनी? बीपी? हार्टचं काही? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे? दारू घेतोस? मी सगळ्याला मुंडी हलवत होतो. तेवढ्यात मान वर न करता ती म्हणाली, "दिवस गेलेत?"

मी खुर्चीतनं उडालोच. "आत्या! मी पोरगा आहे!"

"फॉर्मात आहे ते. हो का नाही, तेवढं सांग."

"नाही!"

"मग ओरडतोस कशाला?" म्हणत तिनं स्वच्छ अक्षरात 'नाही' लिहिलं आणि दहीभात खायला घालून मगच गोळी हातावर ठेवली.

त्या दिवसापासून तिची नक्कल करणं हा माझा जोडधंदा झाला. चष्मा नाकाच्या टोकावर, ओठ आत ओढलेले, आणि "शौचाचा रंग?" असा आवाज काढला की ऑफिसातली पोरं टेबलाखाली जायची. वरच्या मजल्यावरचे चाचा तर माझे पक्के गिऱ्हाईक. ते एकदा गुडघा धरून गोळी मागायला आले आणि सातव्या प्रश्नाला वैतागून म्हणाले, "क्या आपा, गोली मांगा मैं, निकाह नै मांगा!" आत्या ढिम्म. दहाव्या प्रश्नाला कळलं, चाचांना हार्टसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. "फिर ये तुमको नक्को," ती म्हणाली, "पहले डॉक्टरकू पूछो," आणि गरम पाण्याची पिशवी देऊन त्यांना वाटेला लावलं. चाचांची गुडघा धरून जिना चढायची चालसुद्धा मी महिनाभर करून दाखवत होतो.

मग गेल्या वर्षी गौलीगुड्यात एका नातेवाइकाचं लग्न निघालं आणि बाबा गावाहून आले. गुडघा टम्म सुजलेला. "अक्का, गोळी दे पटकन. वरात निघंल." वही उघडली. बाबा सगळ्याला नाही, नाही, नाही म्हणत सुटले. मी आत्याच्या मागं डोक्यावर टॉवेल घेऊन उभा, तिच्याबरोबर नुसते ओठ हलवतोय, आणि बाबा हसू दाबतायत.

"शौचाचा रंग?"

बाबांचं हसू थांबलं. ते जमिनीकडं बघायला लागले.

"बाळ्या?" अठ्ठावन्न वर्षांच्या माझ्या बापाला ती बाळ्या म्हणते. "बाळ्या, खरं सांग."

"काळी होतीय. डांबरासारखी. चार दिवस झाले."

"आणि असल्या गोळ्या कधीपासनं घेतोयस?"

"महिना झाला असंल. दुकानातनं आणतो. सकाळी दोन, उपाशीपोटी. लवकर लागू पडतात."

मी महिनाभर रोज बाबांशी फोनवर बोलत होतो. रोज एक नक्कल करून हसवत होतो. गुडघा कसा आहे, त्यावर काय घेता, एकदाही विचारलं नव्हतं.

आत्या ओरडली नाही. वही मिटली, म्हणाली, "ऑटो आण." दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पोटात जखम झालीय, तिच्यातनं रक्त जातंय, आज आणखी दोन गोळ्या गेल्या असत्या तर...

बाबा आठवड्यानं घरी आले. आता बरे आहेत, गुडघ्यासाठी डॉक्टरकडं जातात. पण मला अजून ती दवाखान्याची खिडकी दिसते. बाबांना आत नेलं होतं आणि खिडकीतल्या मुलीनं आत्यापुढं फॉर्म सरकवला. आत्यानं बाबांचं नाव लिहिलं, वय लिहिलं आणि पेन थांबलं.

"तू लिही रे. मला दिसेना."

चष्मा तिच्या नाकावरच होता. मी पेन घेतलं. पुढचा रकाना होता, पेशंटशी नातं.

"बहीण लिही," ती म्हणाली. मी लिहिलं.

"थोरली लिही."

रकान्यात जागा उरली नव्हती. मी बारीक अक्षरात कडेला लिहिलं.