वीस मेंढरांची सावली

हरणाबाईचं सासर उमरग्याच्या अंगाला, माहेर आळंदच्या. मधे मेंढरांसोबत दीड दिवसाची चाल. छप्पन साली हैदराबादचं राज्य मोडलं, माहेर म्हैसुरात गेलं आणि सासर मुंबईकडं आलं. मेंढरांना त्याचं काही नव्हतं. हरणाबाईला मात्र भाऊ एकाएकी लांब गेल्यासारखा वाटला.

तिच्या धनगर बापाची एक रीत होती. ज्या झाडाखाली भर दुपारी वीस मेंढरं बसतील, त्याची लोकरीच्या दोरीत एक गाठ मारायची. झाड तुटलं की गाठ सोडायची. मरताना त्यानं आपल्या मुलखाची दोरी धाकट्या महालिंगप्पाच्या हातात दिली. हरणाबाईनं सासरच्या वाटांची वेगळी दोरी वळली. त्यानंतर बारा वर्षं तिचं माहेरी जाणं झालं नाही. कळप टाकून कोण जाणार? भेट व्हायची ती मुरूमच्या बाजारात, उन्हाळ्याच्या तोंडाशी. बहीण-भाऊ दोऱ्या शेजारी धरायचे.

"अक्का, तुझ्या मुंबई राज्यात किती राह्यली?"

"बावीस. तुझ्या म्हैसुरात?"

"एकतीस."

"बघ की! राज्य बदललं तरी लिंबं जाग्यावर हायत तुझी."

पुढं तिची दोरी मोकळी होत गेली. बाभळी कोळशाच्या भट्टीत गेल्या, सडक रुंद झाली तशा चिंचा पडल्या, माळ नांगराखाली आला. एकसष्टच्या चैत्रात तिच्याकडं आठ गाठी उरल्या. महालिंगप्पाकडं एकतीसच.

मुलगा शंकरप्पा म्हणाला, "आये, कळप इकून टाकू. मुकादम मला सडकेवर घेतो म्हनतोय."

"मेंढरं इकून खडी फोडणार व्हय रं? मामाच्या मुलखात जाऊ. तिथं सावली हाय. म्या तिथंच मरंन."

"मामाला इचारलंस?"

"माहेरी जायला इचारत्यात व्हय?"

साठ मेंढरं घेऊन दोघं निघाली. हद्दीचा दगड मागं पडला तशी हरणाबाईची पावलं झपझप पडायला लागली. "आता जोडलिंब लागंल बघ. त्याच्या फांदीवर म्या झोके घेतल्यात."

जोडलिंबाच्या जागी दोन खुंट होते. पुढची चिंच नव्हती, त्यापुढची बाभूळही नव्हती. ऊन चढलं तशी मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी राहिली, पुढं हलेनात.

महालिंगप्पाच्या तळावर एकच चिंच होती आणि तिच्याखाली त्याची नव्वद मेंढरं दाटीवाटीनं बसलेली. तो पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला.

"म्हालिंगा, एकतीस कुठं हायत?"

त्यानं तांब्या खाली ठेवला. "पाच हायत, अक्का. चार कोसांत मिळून पाच."

"मग गाठी का न्हाय सोडल्यास?"

"अप्पाच्या हातच्या गाठी. हातच धजंना." मग हळूच म्हणाला, "आन तूच दरसाली म्हनायचीस, माहेरी सावली हाय म्हनून इकडलं ऊन सोसतंय. तुला कोन्च्या तोंडानं सांगू?"

"मुडद्या, तुझ्या राज्यात माझ्यापरास लई तुटली की! माझी आठ तरी हायत."

"मंग जिंकलीस तू."

ती हसली. हसता हसताच तिनं पदर डोळ्यांना लावला.

एका चिंचेखाली दीडशे मेंढरं बसत नाहीत, हे धनगराच्या लेकीला सांगावं लागलं नाही. दोन दिवस ती राहिली. अप्पाच्या वेळची झाडं एकेक करून भावाला विचारत राहिली: ते कुणी तोडलं, कधी तोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही कळप वेगळे केले. शंकरप्पानं मोजून बघितलं.

"आये, तीन मेंढ्या कमी हायत. त्या बघ, मामाच्या मेंढरांत घुसल्यात. आणतो."

"ऱ्हाऊ दे."

"अगं पन—"

"आपल्या आठ झाडांखाली ह्या सत्तावन्न मावतील. चल, ऊन व्हायच्या आत हद्द गाठू."

"आन गावात कुनी इचारलं, तीन कुठं गेल्या म्हनून?"

"इकल्या न्हायत, हरवल्या न्हायत म्हन. माहेरी राह्यल्यात."