चौथी सीट

बोट घेतली की घरात मासे कमी आणि किस्से जास्त येतात. आमच्या फ्रीजरमध्ये अजून भरपूर जागा आहे. किस्से ठेवायला मात्र जागा उरलेली नाही, म्हणून काही इथे लिहून काढते. मी चारचौघांत फारशी बोलत नाही. लिहिताना मध्ये कोणी तोडत नाही, हे बरं असतं.

आम्ही दिंडोशीला राहतो. तीन वर्षांपूर्वी बाबांनी आणि चौथ्या मजल्यावरच्या कांबळे काकांनी मिळून एक सेकंडहँड बोट घेतली. मासे विकायला नाही, हौसेने गळ टाकून पकडायला. आमचं गाव मालवणजवळ. त्यामुळे समुद्र आपल्या रक्तात आहे, असं बाबा म्हणतात. कांबळे काका लातूरकडचे. "आमच्या रक्तात दुष्काळ आहे, म्हणून मी येतो!" असं ते म्हणतात.

बोट मार्व्याच्या खाडीत असते. तिच्यात चारच माणसं बसतात. दोन मालक, तिसरे बोट चालवणारे हिराजी तांडेल, आणि मग चौथी सीट. "चौथी सीट आमच्या हर्षूची!" असं बाबांनी बोट आली त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तेव्हा मी सहावीत होते. आता नववीत आहे.

त्याचं असं आहे, की बोट घेण्यापेक्षा ती पाण्यावर ठेवणं महाग पडतं. आणि खिशातले पैसे संपले, की बाबा चौथी सीट देतात.

* * *

पहिल्यांदा सीट गेली ती मेकॅनिक अस्लमभाईंना.

दुसऱ्याच महिन्यात इंजिन खाडीच्या मधोमध बंद पडलं. अस्लमभाईंनी ते उघडलं, आत बघितलं आणि खर्चाचा आकडा सांगितला. कांबळे काका उभे होते ते खाली बसले.

बाबा म्हणाले, "अर्धे आत्ता देतो. बाकीच्यात काही जमवा ना. रविवारी आमच्याबरोबर चला, मस्त गळ टाकू!"

अस्लमभाई लगेच तयार झाले. मी रविवारसाठी माझी टोपी आधीच काढून ठेवली होती. ती परत कपाटात ठेवली.

रविवारी अस्लमभाईंनी गळाला हातसुद्धा लावला नाही. पूर्ण चार तास ते इंजिनाला कान लावून बसले होते. परत जेट्टीला लागल्यावर आनंदाने म्हणाले, "सावंतसाब, अच्छा हुआ मैं आया. आपका गिअर भी गया है!"

* * *

आमिषाचा किस्सा आईचा आहे.

गळाला लावायला बाबा कोलंबी आणतात. चांगली, मोठी, ताजी. आम्ही खातो ती छोटी असते. एका शनिवारी त्यांनी आमिषाची पिशवी फ्रीजरमध्ये ठेवली आणि कांबळे काकांकडे गेले. रात्री जेवायला कोलंबीचं झणझणीत कालवण! बाबांनी दोनदा भात घेतला. "वा! आज काय विशेष?" म्हणून आईचं कौतुकही केलं.

हात धुऊन त्यांनी फ्रीजर उघडला.

"अगं, माझं आमिष कुठे आहे?"

आई ताटं उचलत म्हणाली, "अहो, अर्धं तुमच्या पोटात आहे. एवढी चांगली कोलंबी आपल्यासाठी आणलीत, तेव्हाच मला संशय यायला हवा होता!"

* * *

पावसाळ्यात बोट पाण्यात ठेवता येत नाही. चार महिने ती ट्रेलरवर चढून आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये येते. पहिल्या वर्षी त्यावरून मीटिंग झाली. बोटीला पार्किंगचा चार्ज कुठला लावायचा?

कांबळे काका उठून म्हणाले, "ट्रेलरला चाकं किती? दोन. मग टू-व्हीलरचा लावा!"

मीटिंगमध्ये एवढा गोंधळ झाला, की शेवटी सेक्रेटरी मेहता काकांनी निर्णय पुढे ढकलला. पाऊस संपल्यावर पहिल्याच रविवारी चौथ्या सीटवर मेहता काका होते. चार्ज टू-व्हीलरचाच लागला.

मेहता काका शुद्ध शाकाहारी आहेत. डब्यात थेपले घेऊन गेले होते. बाबांनी सहज त्यांच्या हातात रॉड दिला, आणि तीन वर्षांत कोणालाच मिळाला नाही एवढा मोठा जिताडा त्यांच्या गळाला लागला! मेहता काकांनी त्याच्याबरोबर फोटो काढला, दोन्ही हातांनी धरून त्याला "सॉरी हं" म्हटलं आणि परत पाण्यात सोडून दिला.

कांबळे काका त्याच्यामागे उडी मारणार होते. तांडेलांनी शर्ट धरून ठेवला.

तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आला. सगळे मासा बघत होते. मी झूम करून सीट बघितली. निळ्या रंगाची आहे.

* * *

मग माझी आतेबहीण रेवा आली. तिच्या पप्पांनी बाबांना दुबईहून दोन भारी रॉड आणून दिले होते. त्यामुळे सीट कोणाला, हे मला कोणी सांगायची गरजच नव्हती.

सकाळी निघताना रेवा म्हणाली, "तू नाही येत? तुला बोर होतं का?"

मी म्हटलं, "हो."

दहा वाजता तिचं स्टेटस आलं. बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. खाली 'माझा फेव्हरेट मामा' आणि तीन हृदयं. मी गणिताची वही उघडली आणि एका पानावर पेन दाबून भोक पाडलं.

दुपारी सगळे परत आले. कांबळे काका अनवाणी होते.

"बूट कुठे गेले?" आईने विचारलं.

"रेवाला विचारा, वहिनी. तिला बोट लागली आणि बुटांना रेवा लागली!"

वाईट वाटायला हवं होतं. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

* * *

आता माझा स्वतःचा किस्सा.

माझं अक्षर चांगलं आहे. त्यामुळे लिफ्टजवळच्या फळ्यावरच्या सगळ्या सूचना मीच लिहिते. पाणी येणार नाही, गाड्या धुऊ नयेत, वगैरे. या मे महिन्यात मी एक निनावी तक्रार लिहिली आणि मेहता काकांच्या पेटीत टाकली. 'दर पावसाळ्यात बोटीमुळे पार्किंगमध्ये अडचण होते. बोटीला माशांचा वास येतो. बोटीवर मांजरं झोपतात.' खाली सही, 'एक त्रस्त रहिवासी'.

मेहता काकांनी ती नियमाप्रमाणे फळ्यावर लावली. शेजारीच पाण्याची सूचना होती. दोन्ही शीर्षकांखाली सारख्याच दोन रेघा होत्या.

कांबळे काका चष्मा लावून बराच वेळ वाचत होते. मी लिफ्टची वाट बघत उभी होते. चौथा मुद्दा त्यांनी मोठ्याने वाचला. "'तसेच बोटीतील चौथी सीट कोणाला द्यावी, हे सोसायटीने ठरवावे.'"

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्रस्त रहिवाशाचं अक्षर सुंदर आहे हां!"

रात्री घरी बाबा फोनवर कोणाला तरी सांगत होते, "आता तक्रार आली म्हटल्यावर यंदाच्या पार्किंगच्या परवानगीसाठी मेहतांना न्यावंच लागणार."

* * *

पावसाआधीचा शेवटचा रविवार होता. पहाटे बाबांनी मला हलवलं. "हर्षू, टोपी घे."

रिक्षात आम्ही दोघंच होतो. मार्व्याला पोचलो तर बोटीत हिराजी तांडेल होते, कांबळे काका होते आणि निळ्या सीटवर थेपल्यांचा डबा मांडीवर घेऊन मेहता काका बसले होते.

मी मोजलं. बाबा धरून चार.

तांडेल म्हणाले, "सावंत, चार म्हणजे चार. पोरगी पाचवी होते."

कांबळे काका उठायला लागले. बाबा म्हणाले, "बस रे कांबळ्या." मग त्यांनी स्वतःचं लाइफ जॅकेट काढलं आणि मला घातलं. ते माझ्या मांड्यांपर्यंत आलं. त्यांनी पट्टे आवळले आणि मला उचलून त्यांच्या जागेवर ठेवलं, सहावीत असल्यासारखं.

बोट सुटली. जेट्टीवर अस्लमभाई चहाचे दोन कप घेऊन आले. बाबा त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. अस्लमभाई काहीतरी म्हणाले आणि बाबा एवढे हसले, की हातातला चहा सांडला. मग अस्लमभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दोघं लहान होत गेले, तरी हसतच होते.

"हर्षू," कांबळे काका ओरडले, "इकडे बघ गं! मासे या बाजूला आहेत!"