बाई पुस्तक मध्येच मिटायच्या

आम्हाला कादंबरी शिकवणाऱ्या बाई वर्गात कधी सलग वाचत नसत. ऐन रंगात आलेला प्रसंग सोडून, बोट पानात ठेवून पुस्तक मिटायच्या आणि विचारायच्या, "आता या लेखकाची लबाडी सांगा." एम.ए.ला आम्हाला एक इंग्रजी कादंबरी होती. गोष्ट व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, लिहिणारा मात्र आपल्या काळातला. तो मध्येच गोष्टीत शिरून म्हणे, ही माणसं मी रचलीत, शेवट माझ्या हातात आहे. देवगाव रंगारीसारख्या खेड्यातून आलेल्या मला हे भलतंच वाटे. बाई सांगत, "अब्रूच्या नावाखाली बायकांना कसं कोंडलं, ते दाखवायला तो गोष्टच उसवतो."

"राणी कधीच गेली," त्या म्हणायच्या, "कायदे तिचेच चालतात, आमच्या औरंगपुऱ्यात." बाई अविवाहित, पंचेचाळिशीच्या, भावाच्या घरी राहणाऱ्या. आई अंथरुणाला खिळलेली. ती दुष्काळाची वर्षं. टँकर आला की तास सोडून बाईंनाच पाण्याला धावावं लागे. कॉलेजचे ग्रंथपाल विधुर होते. त्यांच्याबरोबर बाई कँटीनमध्ये चहा घेत, एवढ्यावरून कुजबुज सुरू झाली आणि घरापर्यंत पोचली.

एकदा वाचता वाचता त्या थांबल्या. "समजा, आता मी गोष्टीत शिरते. एक बाई आहे. तिला एकानं लग्नाचं विचारलंय. त्याची नांदेडला बदली झालीय. भाऊ म्हणतो, या वयात असले चाळे केलेस तर या घरचं दार बंद. सांगा, शेवट काय करू?"

गोष्ट कुणाची, ते सगळ्यांना कळलं होतं. माझ्या तोंडून गावचीच भाषा निघाली, "जावं की तिनं, मॅडम. लई सोसलं."

बाई हसल्या. "अन् तिच्या आईला कूस कोण बदलून देणार? ते लिहायचं राहिलंय बघ."

ग्रंथपाल एकटेच गेले. दुसऱ्या दिवशी बाई वेळेवर तासाला आल्या आणि अख्खं प्रकरण त्यांनी न थांबता वाचून काढलं.

काही वर्षांनी त्यांची आई गेल्याचं कळलं, म्हणून मी भेटायला गेले. त्यांच्या वहिनी आत गेल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "आई गेली त्या सकाळी मनात पहिलं काय आलं, सांगू? आता आपण जाऊ शकतो. मग कुठं जायचं होतं, तेच आठवेना."

समोर रस्ता रुंद करायला घरं पाडत होते. धूळ आत येऊ लागली, तशा त्या उठल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.