चुन्याचे बोट

शालिकराम रामटेके खर्रा खात नसत, तंबाखू मळत नसत, पानालाही शिवत नसत. तरी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात चुन्याची डबी कायम असे. नागपुरात अशी डबी बाळगणाऱ्याकडे रस्त्यावरची माणसे हक्काने चुना मागतात. रामटेके डबी पुढे करीत, परत घेत आणि झाकण घट्ट लावीत. डबीचा खरा उपयोग मला पहिल्या भेटीत कळला, आणि तोही मी त्यांच्यावर ओरडत असताना.

मी त्या वेळी रस्ते बांधणाऱ्या खात्यात अभियंता होतो. रुंदीकरणाच्या आड एक जुना कडुनिंब येत होता. तो तोडण्याच्या कागदावर माझी सही झाली होती. सकाळी जागेवर गेलो तर एक किडकिडीत माणूस बुंध्याला चुन्याचे बोट लावीत होता. उद्यान खात्यातला माळी. हा काय प्रकार आहे, असे मी ओरडून विचारले.

"उत्तर लिहून ठेवून राहिलो, साहेब. उत्तरेकडची साल कवळी असते, तिनं कधी ऊन पाह्यलं नाई. झाड दुसरीकडे लावताना तेच बाजू दक्षिणेले आली, त साल फाटते. म्हनून निशानी."

"झाड हलवण्याचा हुकूम नाही. तोडण्याचा आहे."

"मालूम हाय न मले. म्हनून त तुमची वाट पाहून राहिलो होतो. एक वर्ष द्या."

मी कोणाला वर्ष देणाऱ्यांपैकी नव्हतो. का दिले ते मला आजही नीट सांगता येत नाही. ठेकेदाराला काम दुसऱ्या टोकाकडून सुरू करायला सांगितले आणि त्या माणसाचे काम पाहत गेलो. त्यांनी आधी झाडाभोवती फक्त अर्धे वर्तुळ खणले, त्या बाजूची मुळे तोडली आणि चर पालापाचोळ्याच्या खताने भरला. मग चार-पाच महिने काहीच केले नाही. तोडलेल्या बाजूला बारीक नवी मुळे फुटल्यावर उरलेले अर्धे वर्तुळ खणले. एवढ्या जुन्या झाडाची मुळे पुन्हा धरत नाहीत, असे म्हणून मी चिडलो की ते म्हणत, "उपटल्यानं झाड मरत नाई, साहेब. घाईनं मरते."

वर्षाअखेर कडुनिंब क्रेनने उचलला आणि एका मैदानाच्या कडेला लावला. चुन्याचे बोट उत्तरेला. भोवती बांबूचे टेकू बांधले. पावसाळा सरताच त्यांनी ते टेकू स्वतःच सोडले. वारा आला तर झाड पडेल, असे मी म्हणालो.

"वारा येऊ द्या. बांधून ठेवलं त बुंधा जाड होतच नाई. त्याले समजलं पाह्यजे, का आता आपल्यालेच उभं राहाचं हाय."

"म्हणजे आता जगले म्हणायचे?"

"इतक्यात नाई. पयले दोन उन्हाळे झाड जुन्या ताकदीवर काढते. तिसऱ्या उन्हाळ्यात समजते."

तिसऱ्या उन्हाळ्यात मी मुद्दाम तिकडून गेलो. कडुनिंबाला मोहोर होता.

निवृत्तीनंतर योगायोगाने ते आमच्याच गल्लीत, समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आले. सोबत पत्नी कुसुमबाई. मुलगी करुणा उमरेडला दिलेली. दोघेही कुहीकडच्या खेड्यातले. भिंतीवरच्या फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढे रोज सकाळी दोन फुले, आणि घरभर कुंड्या. कुसुमबाई हसऱ्या, सुगरण. पण दाराबाहेर त्यांचे जग संपत असे. भाजी, दूध, बँक, दवाखाना, सारे रामटेके बघत. क्वचित बाहेर निघाल्याच तर रस्ता ओलांडताना त्या नवऱ्याची बाही मुठीत धरीत. चाळीस वर्षांच्या संसारात ती मूठ सैल झाली नव्हती.

पुढे आमच्या गल्लीच्या तोंडाशी उड्डाणपुलाचे काम निघाले. दिवसभर यंत्रे, धूळ. अशा आवाजाची मला सवय होती, कुसुमबाईंना नव्हती. लागोपाठ दोन वर्षे मे महिन्यात त्यांना ऊन लागले. दुसऱ्या वेळी पाच दिवस सलाईन लावावे लागले. डॉक्टर म्हणाले, यांना पुढचे उन्हाळे इथे काढू देऊ नका. त्यातच घरमालकाने भाडे वाढवले. ते माळ्याच्या पेन्शनला झेपणारे नव्हते.

एका संध्याकाळी रामटेके माझ्याकडे आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "साहेब, आमी हासनले जाऊन राहिलो."

हासन कर्नाटकात आहे, एवढेच मला ठाऊक होते. नोकरीत असताना ते एकदा रोपे आणायला तिकडे गेले होते. तिथली शांतता आणि कमी भाडी त्यांच्या ध्यानात राहिली होतीच. पण सर्वांत जास्त राहिली होती ती एक दुपार. "मे महिना, बाराचा टाइम, पंखा बंद, न् मानूस चादर घेऊन झोपलेला! मले वाटलं बिमार हाय. पाह्यतो त घोरून राहिला."

"भाषा? ओळख? या वयात मुळे धरत नाहीत, रामटेके."

"तुमी त्या कडूलिंबाले पन असंच म्हनलं होतं."

म्हटले होते, हे खरे होते.

निघायला त्यांनी वर्ष घेतले. कसे, ते मी खिडकीतून पाहत होतो, आणि पाहूनही मला कळत नव्हते. पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी दर रविवारचे उमरेड बंद केले. महिन्यातून एकदाच जाऊ लागले. करुणा रागावून आली. "बाबा, तुमाले लेक जड झाली काय?" ते कुंडीतली माती उकरत राहिले. एवढेच म्हणाले, "एकदम तोडलं त जास्त दुखते, बेटा." हासनहून नाचणीचे पीठ मागवले. आठवड्यातून एकदा जेवणात त्याचा उकडलेला मोठा गोळा असे. कुसुमबाई ताट पुढे सरकवीत म्हणत, "हा चावू का गिळू, ते त सांगा! लग्नात नवरदेवाले फेकून माराले कामी येईन." रामटेके मान खाली घालून गिळत. मग पुढच्या सहा महिन्यांत एकेक सामान गेले. ऐन एप्रिलमध्ये त्यांनी कूलर देऊन टाकला. नागपुरात एप्रिलमध्ये कूलर देणारा माणूस एक तर संन्यासी असतो, नाही तर वेडा. मी दुसरी शक्यता धरून चाललो होतो. कुसुमबाईंना त्या दुपारी ते माझ्या खालच्या खोलीत आणून बसवीत, ओल्या टॉवेलसह.

जूनच्या सुरुवातीला ट्रक आला. निघण्याआधी त्यांनी डबी काढली. कुसुमबाईंच्या खाटेला, पाट्याला, बुद्धाच्या फळीला उत्तरेच्या बाजूने चुन्याचे एकेक बोट लावले.

"हे कशाला?" मी विचारले.

"सकाळी डोळा उघडला का उजेड ज्या बाजूनं येत होता, त्याच बाजूनं आला पाह्यजे तिले."

पुढच्या वर्षी जानेवारीत मी हासनला गेलो. शांत गल्ली, मंगलोरी कौलांचे दोन खोल्यांचे घर, अंगणात शेवगा. हवा अशी की मी स्वेटर काढला नाही. पण घरातले दृश्य मला रुचले नाही. रामटेके खुर्चीत बसून होते आणि कुसुमबाई पिशवी घेऊन बाजारात गेल्या होत्या. एकट्या. अर्ध्या तासाने परतल्या त्या डोळे पुसत. कोथिंबीर मागितली तर दुकानदारीण हसली होती.

"मी नाई जात उद्यापासून. तुमी जा न! मानूस असून घरात काहून बसता?"

"मले ते भाषा येत नाई वं," रामटेके म्हणाले. "डोक्सं जुनं झालं. तू हुशार हाय."

"हुशार! लोक हसून राहिले माझ्यावर."

"हसू दे. उद्या कमी हसतीन."

मला राहवले नाही. बायकोला रडत घरी येताना पाहून खुर्चीत बसणारा माणूस आळशी तर असतोच, भित्राही असतो, असे मी त्यांना तोंडावर सांगितले. त्यांनी डबीचे झाकण उघडले आणि परत लावले. "बरोबर हाय, साहेब," म्हणाले. मी दुसऱ्याच दिवशी परतलो. त्यानंतर सव्वादोन वर्षे मी त्यांना फोन केला नाही. त्यांचे आले, ते मी दोन वाक्यांत संपवले. हे लिहिताना मला बरे वाटत नाही. पण घडले ते असे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पहाटे फोन वाजला. कुसुमबाई होत्या. आवाज स्थिर होता. "साहेब, हे गेले. झोपेतच. करुणाले घेऊन या, ते एकटी रडत येईन."

बंगळूरला गाडी बदलून आम्ही दोघे पोहोचलो तेव्हा गल्लीतल्या माणसांनी सारी तयारी केली होती. पण कोणी काय करायचे ते कुसुमबाई सांगत होत्या, आणि ते कन्नडमध्ये सांगत होत्या. करुणा दारातच थबकली. अंत्यविधी झाले. तिसऱ्या दिवशी करुणा म्हणाली, "आई, सामान बांध. आता इथे कोन हाय तुले?"

"बांधू. आधी भाजी आनू. घरात कांदा नाई."

आम्ही तिघे बाजारात गेलो. कोथिंबिरीच्या ढिगापुढे कुसुमबाई थांबल्या. दुकानदारीण काहीतरी म्हणाली. "बेडा, जास्ती आयतु," असे ठणकावून त्या चार पावले पुढे गेल्या. बाईने मागून हाक मारली. नको, महाग झाली, असा कुसुमबाईंच्या बोलण्याचा अर्थ. तो मला न सांगता कळला. जुडी पिशवीत आली, वर कढीपत्त्याची डहाळी फुकट आली.

परतताना वाटेत एक रोपवाटिका लागली. मालक सिद्दप्पा बाहेर आला आणि हात जोडून कुसुमबाईंशी बोलू लागला. करुणाला कळावे म्हणून त्या एकेक वाक्य मराठीत सांगत होत्या.

"हा म्हनते, तुझे बाबा रोज सकाळी फिराले म्हनून निघत, ते इथे येऊन बसत. कलमं कशी बांधाची, ते त्याच्या पोराइले शिकवत... म्हनते, असा जानकार मानूस त्यानं पाह्यला नाई... म्हनते, घंटा घंटा बोलत राहात आमच्याशी, आमच्या—"

त्या थांबल्या. सिद्दप्पा बोलतच होता.

"काय म्हनते, आई?"

"म्हनते, आमच्या भाषेत. इतकं साफ बोलत, का बाहेरचा मानूस वाटत नव्हता. न् म्हनते, अम्माले सांगू नोको, अशी शपथ घातली होती त्याले."

रस्त्यावरून एक सायकल गेली. कुसुमबाईंनी पिशवी खाली ठेवली, पदर तोंडाला लावला. त्या रडत आहेत असे मला वाटले. पदर काढला तेव्हा त्या हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"लबाड मानूस," त्या म्हणाल्या. "तीन वर्ष मले म्हने, डोक्सं जुनं झालं."

मी मैदानाकडेच्या त्या कडुनिंबाचे टेकू सुटताना पाहिले होते. वाऱ्याची शंका काढणाराही मीच होतो. तरी खुर्चीत बसलेल्या त्या माणसाला मी ओळखले नव्हते. आयुष्यभर मी पूल बांधले, भार मोजले, आधार दिले. आधार केव्हा काढायचा, हे मला कोणी शिकवले नव्हते. आणि ज्याला ते येत होते त्याला मी भित्रा म्हणालो होतो.

करुणाने सामानाचा विषय पुन्हा काढला नाही. संध्याकाळी कुसुमबाई एवढेच म्हणाल्या, "पावसाळ्यात येतो उमरेडले, चार दिवस. मंग घरी परत." घर हा शब्द त्यांनी खाटेवर हात ठेवून उच्चारला. खाटेच्या पायावर चुन्याचे बोट फिकट झाले होते. होते मात्र उत्तरेला.

दुसऱ्या दिवशी त्या आम्हाला बसस्थानकावर सोडायला आल्या. समोरचा रस्ता रुंद होता आणि वाहने माझ्या सवयीच्या नेमाने येत नव्हती. मी काठी टेकून थबकलो. कुसुमबाईंनी दोन्हीकडे पाहिले, येणाऱ्या रिक्षाला हाताने थांबवले, आणि मागे येऊन माझी बाही मुठीत धरली.

"चला, साहेब. भेऊ नोका."

तो त्यांचा तिथला तिसरा उन्हाळा होता.