डावा हात घरचा

निमंत्रणपत्रिकेवर ‘कृतज्ञता सत्कार’ हे शब्द वाचले आणि इलोना राणेने ती पत्रिका आमटीच्या वाटीखाली सरकवली. शेवटचा घास खाल्ला, पाणी प्यायली आणि मुलीला विचारलं, “मी काय मेलंय?”

“आई, क्लासच्या वार्षिक कार्यक्रमातच करायचा, असं सगळ्या विद्यार्थ्यांनी मिळून ठरवलंय,” दुर्गा म्हणाली. “शाल, श्रीफळ, दोन शब्द. तू फक्त बसायचंस.”

“दरवर्षी शेवटी मी वाजवतंय. यंदाही वाजवतलंय.”

दुर्गाने आईच्या डाव्या हाताकडे बघायचं टाळलं. जानेवारीत अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून तो हात मांडीवर पडून असायचा. व्यायाम झाले, मसाज झाले, दोन डॉक्टर झाले. पाय सुधारला, जीभ तर काय, आधीच तिखट होती. बोटं मात्र उठेनात. पियानोवाल्या बाईचा एक हात गेला म्हणजे तिचं वाजवणं संपलं, असं सगळ्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं. तिला विचारायचं तेवढं राहिलं होतं. सत्कार हा आपल्याकडे माणसाला उठवून बाजूला बसवण्याचा सभ्य मार्ग आहे, आणि इतकी वर्षं लालबागमध्ये काढलेल्या बाईला तो कळणार नाही होय?

हंगेरीतल्या सेगेड गावची बाई रागावली की मालवणीत बोलते, याचं नवख्याला नवल वाटतं. ती मराठी शिकली सासूच्या चुलीपाशी, आणि चंपाबाईंना दुसरी मराठी येतच नव्हती. सेगेडच्या संगीतशाळेत गुरुजींनी तिला जॅझ वाजवताना पकडलं आणि पियानोचं झाकण असं आपटलं की बोटं थोडक्यात वाचली. ‘हे हॉटेलातलं वाजवणं,’ ते म्हणाले. म्हणून ती बुडापेस्टला गेली आणि खरंच हॉटेलात वाजवू लागली. तिथे मनोहर राणे भेटले. लालबागच्या गिरणीने त्यांना नवे माग शिकायला पाठवलं होतं. ते रोज संध्याकाळी एका कॉफीवर शेवटपर्यंत बसायचे.

पंच्याहत्तर साली ती राण्यांची सून होऊन आली. तिने पहिल्यांदा कुणाच्या तरी घरच्या पेटीवर जॅझ वाजवलं तेव्हा चंपाबाई आतून म्हणाल्या, “काय गो ह्या? टोप पडले काय?”

पुढे संप झाला, गिरणी बंद पडली, मनोहरराव घरी बसले. इलोना कुलाब्याच्या एका हॉटेलात वाजवायला जाऊ लागली. गल्लीला विषय मिळाला. राण्यांची सून संध्याकाळी नटून हॉटेलात जाते. एक दिवस नळावर ती सगळ्यांच्या मध्ये बादली ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “होय, वाजवतंय. तुमी येवा ऐकूक. चाय मी पाजतंय.” कुणी गेलं नाही, पण कुजबुज थांबली. त्यानंतर तिच्या पदराला पिन चंपाबाई स्वतः लावून द्यायच्या.

हॉटेलांनी पुढे वाजवणारी माणसं काढली आणि टेप लावल्या. तिच्या हॉटेलाने तर पियानोच अडगळीत टाकला. तिने तो मागून आणला. जिन्यातून वळेना, म्हणून माथाडींनी दोर बांधून गॅलरीतून वर चढवला, आणि खाली अख्खी गल्ली माना वर करून उभी होती. मग क्लास सुरू झाला. शिवाजी पार्कातून मुलं यायची, तशीच वरळी कोळीवाड्यातून यायची. सगळ्यांना नियम एकच. पहिले काही महिने फक्त डावा हात. “उजवा हात पाहुणा,” ती सांगायची, “डावा हात घरचा. घर चालवता तो डावा.”

नायगावचा रघु या नियमामुळेच क्लास सोडून गेला. बाप बेंजो पार्टीत, पोरगा बेंजो पार्टीत. मिरवणुकीत कीबोर्ड हातगाडीला बांधलेला असतो, आणि वाजवणारा गाडीबरोबर चालत उजव्या हाताने गाणं वाजवतो. रघुचा डावा हात शिकेचना. “खिशात घालूक आणलंस काय तो?” असं इलोना एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, आणि रघु पुन्हा आला नाही. तिला त्याचं फारसं काही वाटलंही नव्हतं.

यंदा एप्रिलमध्ये जयंतीची मिरवणूक गॅलरीखालून गेली. एरवी ती दार लावून घ्यायची. या वेळी खुर्चीतून उठायचा कंटाळा आला म्हणून बसून राहिली, आणि गाडीशी रघु दिसला. केस पांढरे झालेले. उजवा हात पट्ट्यांवर, डाव्याने गाडीचा दांडा धरलेला. तो दोन सूर टाकायचा आणि गप्प व्हायचा. तेवढ्यात ढोल बोलून घ्यायचा. मग पुन्हा दोन सूर, वेगळे, नाचणाऱ्यांचे पाय बघून. गाणं कुठे संपायचं ते ठरलेलंच नव्हतं. पोरं दमेपर्यंत ते वळत राहिलं. एका हातावर अख्खी गल्ली नाचत होती. इलोनाला स्वतःचा भयंकर राग आला. इतकी वर्षं खिडकीखालून जॅझ जात होतं आणि आपण कडी लावून बसलो!

दुसऱ्या दिवशी तिने त्याला बोलावून घेतलं. रघु दारातच उभा राहिला.

“मॅडम, आपलं बेंजोचं काम. जॅझबिझ नाय. तुमीच बोललेलात ना, डावा हात नाय तर क्लास नाय.”

“बोललंय. आता माझोच नाय. मगे काय करू? माका क्लासातून काढू?”

रघु हसला, आणि चप्पल काढून आत आला. “डाव्या हाताच्या जागी ढोल लागेल,” म्हणाला. त्याने पार्टीतल्या ढोलवाल्या रामदासला आणलं. पहिल्या थापेला कपाटातल्या बश्या वाजल्या आणि वरच्या मजल्यावरून माणूस विचारायला आला. इलोनाने त्यालाही बसवून चहा दिला.

वाजवणं सोपं नव्हतं. उजवा हात जन्माच्या सवयीने डावीकडे धावायचा, रिकामी जागा भरायला. तिथे ढोल आधीच बसलेला. दोघांची टक्कर व्हायची. “सोडा ना मॅडम ती जागा,” रामदास म्हणायचा. ती सोडायची आणि पुन्हा विसरायची. एकदा रागाने रडली, आणि डोळे पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दुर्गा हे सगळं बघत होती. तिला आईचं हसं व्हायला नको होतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तिने हळूच सांगितलं, “आई, वाजवायचंच आहे ना? मग मी शेजारी बसते. डावा हात मी वाजवते.” इलोनाने तिला उद्याच्या पदरासाठी पिन शोधायला लावली. दुर्गाने तो होकार धरला.

मे महिन्यात दादरच्या सभागृहात कार्यक्रम झाला. विद्यार्थ्यांचं वाजवून झालं, दोन शब्दांचे दोनशे झाले. शाल खांद्यावर आली. नारळ दुर्गाने धरला. मग इलोना काठी टेकत पियानोशी गेली आणि दुर्गा तिच्या डावीकडे बाकावर जाऊन बसली. सभागृहात लोक हळहळल्यासारखं च् च् करत होते. तेच इलोनाला नको होतं.

तिने खांद्यावरची शाल ओढली. एका हाताने ती उलगडली आणि पियानोच्या डाव्या अर्ध्या पट्ट्यांवर पसरली, पलंगावर चादर घालावी तशी, कोपरे नीट करून.

“तू उठ बाय,” ती दुर्गाला म्हणाली. “समोर बस आणि ऐक.”

दुर्गा नारळ घेऊन उठली आणि पुढच्या रांगेत जाऊन बसली. पडद्याआडून रामदास ढोल घेऊन आला. चंपाबाई वाल सोलताना जी चाल गुणगुणायच्या, ती इलोनाने उजव्या हाताने धरली. दोन सूर टाकले, थांबली. ढोल बोलला. पुन्हा दोन सूर, वेगळे. मध्येच सवयीने हात डावीकडे गेला आणि शालीवर पडला. खालून खर्जाच्या पाच-सहा पट्ट्यांचा एकदम धप्प आवाज आला. इलोनाने शालीकडे बघितलं, आणि मुद्दाम पुन्हा तिथेच थाप मारली. रामदासने ती उचलली. मागच्या दारापाशी उभ्या असलेल्या रघुने शिट्टी घातली.

निवेदक आभार मानायला दोनदा माईकपाशी आला आणि दोनदा परत गेला. गाणं कुठे संपायचं ते ठरलेलं नव्हतं. रघु दुसऱ्या मात्रेवर टाळी देत होता, मागची पोरं देऊ लागली, मग मधल्या रांगाही. दुर्गाने आईकडे बघितलं. टाळी द्यायला तिला स्वतःचे दोन्ही हात मोकळे हवे होते. तिने मांडीवरचा नारळ उचलला आणि खुर्चीखाली ठेवून दिला.