कंपनी येणार होती

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मांडव्याच्या जेट्टीवर होते. परदेशी पाहुण्यांना उतरवून घ्यायला अप्पा मला इथेच आणायचे. ते आमच्या खाडीकाठच्या गावचे सरपंच, मी शाळेत इंग्रजी शिकवणारी; म्हणून दुभाषीपण माझ्या गळ्यात पडलं. फोन ठेवून बाकावर बसून राहिले. रडूसुद्धा लगेच आलं नाही... इतकी वर्षं वाट बघून आम्ही दोघंही दमलो होतो.

गावात मोठी कंपनी यावी, पोरांना घरी राहून नोकरी मिळावी, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. जिल्ह्याच्या कचेरीतून निरोप आला की कडक इस्त्रीचा सदरा घालून निघायचे. पाहुणे शहाळी प्यायचे, जमिनीचे फोटो काढायचे, हात मिळवून जायचे. कचेरीतले साहेब म्हणायचे, "जवळजवळ ठरलंच." ते जवळजवळ ऐकून माझे कान किटले होते.

आमच्याकडे पावसाळ्याआधी घरटी एक माणूस खाडीच्या बांधावर चिखल लिंपायला जातो. एका वर्षी अप्पा भर ग्रामसभेत म्हणाले, "औंदा चिखल कशाला तुडवायचा? कंपनी भराव घालनार हाय." गावाने ऐकलं. ऐकणारच, अप्पांचा शब्द होता. मग उधाणाच्या भरतीला बांध फुटला आणि खारं पाणी भातशेतीत शिरलं. कंपनी जास्त सवलती देणाऱ्या दुसऱ्या राज्यात गेली, हे आम्हाला टीव्हीवरून कळलं.

लोक म्हणाले, अप्पांनी पैसे खाल्ले. मला आजही त्याचा संताप येतो. खाल्ले असते, तर म्हातारपणी एकटे बांधावर चिखल वाहत राहिले असते का? शेवटचे भेटले तेही तिथेच, गुडघाभर चिखलात. मी म्हटलं, "अप्पा, पुरे आता." "व्हय, पुरे," म्हणाले... आणि पुढचं घमेलं उचललं. शेतं अजून खारटच आहेत.

दिवसकार्य उरकल्यावर अप्पांच्या बायकोला, वहिनींना, भेटायला गेले. बैठकीच्या खोलीत परदेशी पाहुण्यांसाठी घेतलेला सोफा आहे, दुकानातल्या प्लास्टिकसकट. पाहुणे कधी घरापर्यंत आलेच नाहीत, आणि घरातलं कुणी त्यावर बसलं नाही. मी नेहमीसारखी खाली बसायला गेले, तशी वहिनींनी प्लास्टिक टराटरा फाडलं.

"वर बसा बाई. आता कोन येनार हाय?"

आम्ही दोघी बसलो. सोफा अजून कोरा करकरीत होता. समोरच्या भिंतीवर, अगदी खाली, अप्पांच्या पाठीचा काळपट डाग दिसत होता.