चाक फिरवलं की फुगणारी अक्षरं

मी जन्माचा संशयी. गवळ्याला ‘दुधात पाणी तर नाही ना’ असं रोज विचारतो, आणि तो नाही म्हणाला की मला जास्तच शंका येते. त्यामुळं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानातल्या कॉम्प्युटरवर अक्षरं आपोआप फुगायला लागली, तेव्हा ‘काय बिघडलं’ हा प्रश्न मला पडलाच नाही. ‘कुणी बिघडवलं’ हा पडला.

कडा गावच्या बाजारपेठेत आमचं अर्ज, बॉण्ड, लग्नपत्रिका टाईप करून द्यायचं दुकान आहे. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या मित्राचं. आष्टीच्या टायपिंग क्लासात आम्ही शेजारी बसायचो, तेव्हापासूनची दोस्ती. कॉम्प्युटर एकच. सकाळी मी शेतात असतो, म्हणून सकाळ त्याची आणि दुपारनंतरचा वेळ माझा. किल्ल्या दोघांकडं. दिवसभर लोकांचे करारनामे टाईप करतो, पण आमच्या दोघांत कधी साधा कागद झाला नाही. तशी गरजच वाटली नाही.

तर त्या दिवशी काय व्हायचं, की मजकूर खाली सरकवायला माऊसचं चाक फिरवलं तर पान सरकायचं नाही, जागच्या जागी मोठं व्हायचं. ‘अर्जदार’मधला ‘अ’ भाकरीएवढा. चाक उलटं फिरवलं की अख्खा अर्ज मुंग्यांएवढा. मधेच टाईप केलेलं उमटायचंही नाही. मी चाकातला कचरा सुईनं काढला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. शेवटी नवा माऊस आणला. त्यानंही तेच केलं. मग मित्राला फोन लावला.

“माझ्याकडं तर सकाळी चांगलं चालत होतं बे,” तो म्हणाला. “तूच काईतरी दाबीत असशील.”

झालं. माझ्या डोक्यात किडा शिरला. यंत्र एकच, मग सकाळी शहाणं आणि दुपारी वेडं कसं? त्यातच चहावाल्याकडून कानावर आलं होतं, की हा स्टँडजवळ रिकाम्या गाळ्याची चौकशी करतोय. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. म्हटलं, इथं पाणी मुरतंय. माझी गिऱ्हाइकं वैतागून निघून जावीत आणि त्यानं तिकडं नवं दुकान थाटावं, असा डाव मी चहा संपेपर्यंत पुरता जुळवला.

दुसऱ्या दिवशी शेत सोडून मी सकाळीच समोरच्या पंक्चरवाल्याच्या टपरीआड जाऊन उभा राहिलो. मित्र चाक फिरवत होता आणि पान गुमान खाली सरकत होतं. त्यानं मला पाहिलं.

“कावून तिथं उभा राह्यलास? ये की.”

मी जाऊन खुर्चीत बसलो. पाच मिनिटांत अक्षरं फुगली. तो खदाखदा हसला. साधंच हसू होतं ते, पण मला त्यात जे बघायचं होतं तेच दिसलं.

त्याच संध्याकाळी मी पासवर्ड बदलला.

सकाळी शेतात पाण्याच्या मोटारीपाशी असताना त्याचे फोनवर फोन आले. मी एकही उचलला नाही. दुपारी दुकानावर गेलो तर तो पायरीवर बसलेला, पिशवी मांडीवर. गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली होती.

“पासवर्ड घेईना,” तो म्हणाला.

“मी बदललाय.”

“कावून?”

मी आत जाऊन खुर्चीत बसलो. तो उठला आणि घरी गेला. तेव्हासुद्धा मला वाटलं, बघा, चोर सापडला म्हणून काढता पाय घेतला.

त्या दिवशी एक ऊसतोडणी कामगार बाई आली. टोळीबरोबर कारखान्यावर निघायच्या आधी तिला पोरीच्या वसतिगृहासाठी अर्ज हवा होता. अक्षरं फुगत होती, मी टेबलावर हात आपटत होतो, आणि ती शांतपणे कीबोर्डकडं बघत होती.

“सायेब, मला वाचता येत न्हाई,” ती म्हणाली, “पर ते कोपऱ्यातलं बटन खाली बसलंय. बाकीची समदी वर हायती.”

डावीकडचं कंट्रोलचं बटण. ते दाबलेलं असताना चाक फिरवलं की पान मोठं होतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी टाचणीनं बटण उचकटलं. आत सुकलेल्या कुंकवात चिकटून बसलेला तांदळाचा दाणा निघाला.

खंडेनवमीला दुकानातल्या हत्यारांची पूजा मीच केली होती. कात्री, स्टेपलर, प्रिंटर, आणि कीबोर्डच्या चारही कोपऱ्यांना ओल्या हळदीकुंकवाची बोटं. वरून अक्षता. मित्र म्हणालाही होता, बटनांवर नको. मी त्यालाच गप्प केलं होतं. आणि आता चोर सापडला होता. कॉपी-पेस्ट करताना टायपिंगच्या सवयीनं माझी करंगळी त्या बटणावर जाते, ते आत बसायचं आणि वर यायचंच नाही. रात्रभरात हळूहळू सुटायचं. मित्र सगळं माऊसनंच करतो, त्या बटणाला हातही लावत नाही.

बाईचा अर्ज करून दिला आणि तडक त्याच्या घरी गेलो. सगळं सांगितलं, टपरीआड उभा राहिलो तेही. लाज वाटत होती, पण सांगितलं. गाळा त्याच्या लेकीच्या शिलाई मशिनींसाठी होता. तांदळाचं ऐकून तो हसला. चहा दिला. मी नवा पासवर्ड सांगितला, त्यानं मान डोलावली. मिटलं म्हणून मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. दुकान उघडं, झाडलेलं. कॉम्प्युटर बंद.

“चालू केला नाहीस?”

“तू टाक पासवर्ड.”

“सांगितला होता की तुला.”

“सांगितलास. पर तू टाकलेला बरा.”

लई विनवण्या केल्या. शेवटी पासवर्ड पुन्हा जुनाच ठेवला, दोघांनी मिळून ठरवलेला, त्याला तोंडपाठ असलेला. उपयोग झाला नाही. आता रोज सकाळी शेतात जाण्याआधी मी दुकानात जातो आणि कॉम्प्युटर चालू करून देतो. मी बटणं दाबत असतो तेव्हा तो शेजारीच उभा असतो, तोंड रस्त्याकडं फिरवून.